झाडीपट्टींतील चिंध्यांचीं खेळणीं

महाभारताच्या विराटपर्वांत एक लहानसा प्रसंग आहे. कौरवांनीं विराटाच्या गाई वळविल्या, राजपुत्र उत्तर त्यांच्यावर चालून जावयास निघाला, आणि बृहन्नडेच्या वेषांतील अर्जुन त्याचा सारथि होऊन रथावर चढला. सारें नगर चिंतेंत असतां राजकन्या उत्तरा आपल्या सख्यांसह पुढें आली व तिनें एकच मागणें मागितलें. भीष्मद्रोणादि वीरांना जिंकून परत याल, तेव्हां बाहुल्यांसाठीं त्यांचीं तलम, मऊ व रंगीबेरंगी वस्त्रें घेऊन या, एवढेंच तें मागणें होतें. अर्जुन तें विसरला नाहीं. संमोहनास्त्रानें कौरवसेना मूर्च्छित पडल्यावर त्यानें उत्तराकरवीं द्रोण व कृप यांचीं शुभ्र, कर्णाचें पिवळें आणि अश्वत्थामा व दुर्योधन यांचीं निळीं वस्त्रें काढून आणविलीं. एवढ्या मोठ्या युद्धकथेंत बाहुल्यांच्या वस्त्रांना अशी जागा मिळाली आहे.

या प्रसंगांत बाहुल्यांच्या इतिहासाचें एक सूत्र दडलेलें आहे. बाहुलीसाठीं वेगळें कापड कोणी विणीत नाहीं. मोठ्या माणसांच्या अंगावरून जें उतरतें, तेंच बाहुलीच्या अंगावर चढतें. राजकन्येच्या बाहुलीला महारथ्यांचीं उत्तरीयें मिळालीं. चांद्याच्या रानांत मजुरीस गेलेल्या बाईच्या मुलीच्या बाहुलीला आईच्या विटलेल्या लुगड्याचा कांठ मिळतो. फरक कापडाच्या मोलाचा आहे, खेळाचा नाहीं.

अशा बाहुल्यांचा इतिहास लिहावयास बसलें कीं पहिली अडचण ही येते कीं, कापड टिकत नाहीं. भाजलेल्या मातीचीं व हस्तिदंताचीं खेळणीं जमिनींत हजारों वर्षें राहतात. मोहेंजोदडो येथें मातीच्या चाकांच्या गाड्या आणि मान हलविणारे बैल निघाले. मराठवाड्यांतील तेर येथें, म्हणजे प्राचीन तगर नगरींत, सातवाहनकालांतील मातीच्या सुबक मूर्ति सांपडल्या, व त्या आज तेथील संग्रहालयांत पाहावयास मिळतात. चिंधीच्या बाहुलीला हें भाग्य क्वचितच लाभतें. इजिप्तच्या कोरड्या वाळूंत रोमन अमदानींतील अशी एक बाहुली टिकून राहिली. ती जाड्याभरड्या कापडाची असून तिच्या पोटांत चिंध्या व पपायरसचे तुकडे भरलेले आहेत. सध्यां ती लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांत अशी वाळू नाहीं. तेथें वर्षाला पन्नास इंचांच्या आसपास पाऊस पडतो, जमीन ओली राहते, आणि पाऊस संपतांच वाळवी उठते. शिवाय ही बाहुली फाटली म्हणजे तिची पुन्हां चिंधीच होते, आणि ती चिंधी भांडें उतरावयाच्या किंवा चूल सारवावयाच्या कामीं लागते. तेव्हां संग्रहालयांत तिचा माग काढणें व्यर्थ आहे. तो काढावा लागतो भाषेंत, सणांत आणि म्हाताऱ्या बायांच्या बोटांत.

ग्रंथांत मात्र तिचा उल्लेख जुना आहे. वात्स्यायनानें कुमारिकांच्या क्रीडा सांगतांना फुलें वेंचणें व गुंफणें, घरकुल करणें, बाहुल्यांचा खेळ मांडणें आणि भात रांधणें या गोष्टी एकापाठोपाठ दिल्या आहेत. म्हणजे आपल्या घरांतील भातुकली आणि बाहुली यांची जोडी दीड हजार वर्षांहूनही जुनी ठरते. शहरांतील सुखवस्तु घरांत या जोडीला पितळेचीं बोळकीं मिळालीं, सावंतवाडीच्या रंगीत लांकडी खेळण्यांची साथ मिळाली. झाडीपट्टींतील मजुराच्या पोरीनें तोच संसार करवंटी, पळसाचें पान आणि चिंधी यांवर उभा केला.

झाडीपट्टी हें नांव भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या पूर्व विदर्भांतील वनप्रदेशास आहे. गोंड राजांची राजधानी असलेला चांदा १७५१ च्या सुमारास नागपूरकर भोंसल्यांकडे गेला, आणि १८५४ सालीं नागपूरचें राज्य खालसा झाल्यावर इंग्रजी अंमलाखालीं आला. पुढें जिल्ह्याचें नांव चंद्रपूर झालें, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजीं त्याचा पूर्वेकडील भाग वेगळा काढून गडचिरोली जिल्हा करण्यांत आला. वैनगंगा, वर्धा, प्राणहिता व इंद्रावती या नद्यांच्या आश्रयानें येथें भाताची शेती होते. गांवोगांवीं जुने तलाव आहेत. परंतु भाताचें पीक बहुतेक ठिकाणीं एकच. कापणी व मळणी झाली कीं ज्यांच्या नांवावर जमीन नाहीं किंवा असून पुरत नाहीं, त्यांना दुसरें काम शोधावें लागतें. या प्रदेशांतील मुलांच्या खेळण्यांचा इतिहास समजण्यास एवढा भूगोल लक्षांत ठेवणें अवश्य आहे. कारण जें खेळणें बोचक्यांत मावत नाहीं, तें फिरत्या घरांत राहूं शकत नाहीं.

दुसरी गोष्ट कापडाची. या भागांत पूर्वीं गांवचे विणकर हातसुताचें जाड कापड विणीत. नागभीड व आरमोरीकडे कोष्टी लोक टसराचें रेशीम विणीत, आणि आरमोरीचें टसर अजूनही ओळखलें जातें. १८६७ सालीं नागपूरपर्यंत आगगाडी आली आणि १८७७ सालीं जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल तेथें सुरू झाली. गिरणीच्या कापडानें गांवच्या मागाचें पोट मारलें, हा आर्थिक इतिहास सर्वांस ठाऊक आहे. त्याची एक बाजू मात्र कोणी लिहिली नाहीं. मागाचें कापड जाड, मळखाऊ व बहुधा एका रंगाचें असे. गिरणीबरोबर छापील चिटें आलीं, गांवच्या बाजारांत शिंप्याचें यंत्र आलें, आणि त्या यंत्राखालीं पडणारीं रंगीत कातरणें आलीं. बापाचा धंदा ज्या कापडानें बुडाला, त्याच कापडाच्या कातरणांनीं मुलीची बाहुली नटली. इतिहासांत अशा विसंगति पुष्कळ असतात, आणि लहान मुलांना त्या कळत नाहींत हें एका परीनें बरेंच म्हणावयाचें.

गरिबाच्या घरीं कापडाचीही एक वंशावळ असते. नवें लुगडें सणाला नेसावयाचें. रंग उडाला कीं कामाला नेसावयाचें. मधोमध विरलें कीं तें कापून कांठाशीं कांठ जोडून दंड घालावयाचा आणि आणखी एक-दोन वर्षें काढावयाचीं. दंडही फाटला म्हणजे त्यांतून पोराचें आंगडें, तान्ह्याचीं बाळोतीं, झोळीचें कापड निघे. त्यानंतर वाकळ. वाकळेच्या पोटांत घराण्यांतील तीन पिढ्यांचीं धडुतीं एकत्र नांदतात. वाकळेंतून जें उरे, त्याचीं पोतेरीं, दिव्याच्या वाती, काकडे. या सर्व मागण्या पुऱ्या झाल्यावर जी बोटभर पट्टी राहील, ती बाहुलीची. म्हणून मजुराच्या घरीं बाहुलीला मिळालेली चिंधी फुकटची नसते. आई जेव्हां लाल कांठाचा तुकडा वातीला न देतां मुलीला देते, तेव्हां ती दिव्याचा एक वेळचा उजेड मुलीच्या खेळाला देत असते.

बाहुली करण्याची रीत सर्वत्र जवळजवळ एकच. जुन्या पांढऱ्या कापडाची सुरळी करून धड करावयाचें. दुसरी आडवी सुरळी बांधली कीं हात झाले. डोकें कापसाचें, आणि कापूस नसेल तर भुशाचें किंवा राखेचें. त्यावर कापड ताणून गळ्याशीं दोरा आवळावयाचा. केसांसाठीं फणींत निघालेलें गुंतवळ. तें बायका फेंकून न देतां जपून ठेवतात, आणि त्यांतील चिमूटभर बाहुलीच्या वांट्याला येतें. डोळे काजळाचे, कुंकू कुंकवाचेंच. मक्याचें कणीस मिळालें तर काम आणखी सोपें, कारण त्याचे केस आयतेच असतात. येथवर बाहुली उघडी असते, आणि मुलींच्या दृष्टीनें ती अजून जन्मलेली नसते. लुगडें नेसविलें म्हणजे ती कोणी तरी होते. हिरवें नेसविलें तर नवरी, पांढरें नेसविलें तर आजी, कांसोटा घातला तर धान रोवावयास निघालेली बाई. तीच सुरळी एका दुपारीं चार माणसें होऊन जाते. दुकानांतील बाहुलीला जो चेहरा एकदां दिला तोच तिचा जन्मभर. चिंधीच्या बाहुलीला चेहरा नाहींच म्हटलें तरी चालेल, म्हणून तिला कोणताही वेष शोभतो.

दागिन्यांची उणीव रान भरून काढतें. गुंजा लाल-काळ्या, टणक व चकचकीत. त्यांची माळ होते. पळसाच्या फुलाची पाकळी चोळीला चालते. बांबूच्या कामट्यांचा पाळणा होतो, आणि बुरुडाच्या आळींत कामट्यांच्या कपच्या मागितल्या तर मिळतात. विडीच्या बंडलाचा कागद, आगपेटीची पेटी, चहाच्या पुड्यांतील चंदेरी वर्ख, असा शहराचा केरही रानांत येऊन शृंगाराला लागतो. शहरानें टाकून दिलेल्या वस्तूंचा शेवटचा मान कोठें होतो, हें पाहावयाचें असेल तर मजुरांच्या खोपटांतील मुलींचें बोचकें उघडून पाहावें.

मुलींची जशी बाहुली, तसा मुलांचा बैल. श्रावणी अमावास्येस पोळा होतो, आणि दुसरे दिवशीं, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, विदर्भांत तान्हा पोळा भरतो. या दिवशीं मुलें चाकांवरचा लांकडी बैल दोरीनें ओढीत घरोघर नेतात आणि घरची बाई बैलाची पूजा करून मुलाला खाऊ किंवा पैसे देते. त्यास बोजारा म्हणतात. नागपुरांत ही प्रथा दुसऱ्या रघुजी भोंसल्यांनीं १८०६ सालीं सुरू केली असें परंपरा सांगते. खऱ्या बैलांना हाताळणें लहान मुलांना धोक्याचें, म्हणून त्यांच्यासाठीं लांकडाचे बैल करविले, अशी ती हकीकत आहे. राजवाड्यांत सुरू झालेला खेळ हळूहळू खेड्यांत पोंचला, आणि खेड्यांत तो वेगळा झाला. सुताराकडून कोरून घेतलेला बैल ज्यांना परवडत नाहीं, त्यांनीं तलावाच्या कांठची चिकणमाती घेऊन बैल केला. परंतु माती असो कीं सागवान, सजविल्यावांचून बैल पोळ्यांत उभा राहत नाहीं. त्याची झूल शिंप्याच्या कातरणांची, शिंगांना बेगड, कपाळावर कागदाचें बाशिंग, गळ्यांत तुटक्या माळेचे मणी. अलीकडे या सणांत मुलांच्या वेषभूषेच्या स्पर्धाही होऊं लागल्या आहेत. पूर्वीं बैल सजत असे. आतां बैल हांकणारें मूलही धोतर-फेटा बांधून सजतें.

या सणाचें मर्म सालदाराच्या व मजुराच्या घरीं अधिक कळतें. ज्याच्या बापाच्या दावणीला स्वतःचा बैल नाहीं, जो दुसऱ्याचे बैल आदल्या दिवशीं धुऊन, रंगवून, सजवून त्यांच्या दारांत नेऊन उभे करतो, त्याच्या मुलाच्या हातांत दुसरे दिवशीं बैलाची दोरी येते. तो बैल वीतभर असतो, पण त्याचा असतो. पाटलाच्या मुलाचा बैल मोठा आणि याचा लहान, हा भेद पोळ्यांतही दिसतोच. तथापि दारांत उभ्या राहिलेल्या मुलाला बोजारा देतांना बैलाच्या मापानें देऊं नये, एवढा संकेत पुष्कळ घरांत पाळला जातो.

वेष घेण्याचें तिसरें शिक्षण झाडीपट्टीच्या रंगभूमीनें दिलें. दंडार हा या भागाचा जुना लोकनाट्यप्रकार, आणि दिवाळीपासून होळीपर्यंत गांवोगांवीं रात्रभर चालणारीं नाटकें हें या प्रदेशाचें मोठें वैभव आहे. देसाईगंज-वडसा हें या नाटकमंडळ्यांचें केंद्र. या रंगभूमीवर आयुष्य वेंचणारे परशुराम खुणे यांना २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. रात्रीं आईच्या मांडीवर अर्धवट झोंपेंत पाहिलेलें नाटक मुलें दुसऱ्या दिवशीं अंगणांत उभें करतात. आईचें लुगडें दोन खांबांना बांधलें कीं पडदा, पळसाच्या पानांचा मुकुट, अंबाडीच्या वाखाची दाढी, चुलींतील कोळशाच्या मिशा, सुपाची ढाल. येथें मूल स्वतःच बाहुली होतें आणि स्वतःच तिला नेसवितें. राजा कोण व्हावयाचा याचें भांडण होतें, आणि तें भांडण बहुधा ज्याच्याजवळ चांगला फडका असेल तो जिंकतो.

आतां मूळ मुद्द्याकडे, म्हणजे स्थलांतराकडे वळावयास हवें. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनीं मध्यप्रांत उद्ध्वस्त केला. चांदा जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत सुमारें सात लक्षांवरून सुमारें सहा लक्षांवर आली. माणसें दुष्काळी कामांवर गेलीं, खडी फोडूं लागलीं, तलावांची माती वाहूं लागलीं, आणि त्यांचीं मुलें त्यांच्याबरोबर गेलीं. त्याच काळांत वरोऱ्याच्या कोळशाच्या खाणीनें मजूर ओढले. १९०६ सालीं ती खाण बंद पडली आणि कोळशाचें काम बल्लारपुराकडे वळलें. १९२९ सालीं बल्लारपूर-काझीपेठ लोहमार्ग पुरा होऊन उत्तर व दक्षिण हिंदुस्थान जोडले गेले. रूळ टाकणारे, लांकूड तोडणारे, बांबू कापणारे आणि कोळसा वाहणारे हे सर्व लोक कोठून तरी आलेले होते. तेलंगणांतून, छत्तीसगडांतून आणि वऱ्हाडांतून आलेलीं कुटुंबें शेजारीं शेजारीं खोपटीं घालून राहिलीं. त्यांच्या भाषा वेगळ्या होत्या, पण मुलांच्या खेळाला भाषेची फारशी गरज लागत नाहीं. चिंधी सर्वांना कळते.

छत्तीसगडांतून येणाऱ्यांनीं आपला अक्तीचा सण आणला. अक्ती म्हणजे अक्षय तृतीया. त्या दिवशीं तिकडे मुलें मातीच्या बाहुला-बाहुलीचें, म्हणजे पुतरा-पुतरीचें, थाटानें लग्न लावतात. हळद लागते, मांडव पडतो, वरात निघते, वधूपक्ष रडतो. महाराष्ट्रांतही बाहुला-बाहुलीचें लग्न ठाऊक नाहीं असें घर विरळा. हा खेळ पाहणाऱ्यांना गोड वाटतो. परंतु त्याच्या इतिहासाला एक कडू बाजू आहे. ज्या काळीं नऊ-दहा वर्षांच्या मुलींचीं लग्नें सर्रास होत, त्या काळीं आज बाहुलीचें लग्न लावणारी मुलगी पुढल्या वैशाखांत स्वतः बोहोल्यावर उभी राहत असे, आणि तिची बाहुली माहेरीं कोनाड्यांत राहत असे. १९२९ सालच्या शारदा कायद्यानें मुलींच्या लग्नाचें वय निदान चौदा ठरविलें. तो कायदा १ एप्रिल १९३० पासून अंमलांत आला. पुढें ही मर्यादा वाढत वाढत अठरा झाली. बाहुलीच्या लग्नाला खऱ्या अर्थानें खेळपणा आला तो या सुधारणेनंतर. कायद्याच्या पुस्तकांत बाहुल्यांचा उल्लेख नसतो, परंतु त्यांनाही त्याचा लाभ झाला, कारण त्यांच्या मालकिणी त्यांच्यापाशीं आणखी कांहीं वर्षें राहिल्या.

फाळणीनंतर पूर्व बंगालमधून विस्थापित झालेल्या कुटुंबांपैकीं कांहींना पुढें या जिल्ह्यांत, चामोर्शी व मुलचेरा या भागांत, वसविण्यांत आलें. बंगालांत जुन्या साड्यांचे थर एकावर एक शिवून कांथा करतात आणि त्याच साड्यांच्या कांठांतून ओढून काढलेल्या रंगीत धाग्यांनीं तीवर फुलें, पक्षी, हत्ती काढतात. वाकळ आणि कांथा यांची ही भेट दंडकारण्याच्या रानांत झाली. देश सुटला, जमीन गेली. तरी जुनें लुगडें टाकून द्यावयाचें नसतें ही शिकवण दोन्ही घरांत एकच होती.

कापडाचा दुष्काळही या शतकभरांत येऊन गेला. दुसऱ्या महायुद्धांत कापडाची टंचाई एवढी वाढली कीं १९४३ सालीं सरकारास सुती कापड व सूत यांवर नियंत्रण बसवावें लागलें. अंगावर घालावयास कापड मिळेना, तेथें बाहुलीला कोठून मिळणार! अशा वेळीं मुलींनीं पानांचा आश्रय केला. पळसाचें व सागाचें पान काट्यानें टांचून नेसविलेली बाहुली एक दिवस टिकते. दुसऱ्या दिवशीं पान वाळतें, आणि नवें लुगडें शिवावें लागतें. रानांत त्याचा तुटवडा नाहीं.

आजचें स्थलांतर वेगळ्या दिशेनें होतें. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत गडचिरोली व चंद्रपूर जिल्ह्यांतील, तसेंच शेजारच्या बस्तरांतील, हजारों मजूर तेलंगणांत खम्मम व वरंगळच्या बाजूला मिरची तोडावयास जातात. शेताच्या बांधावर ताडपत्रीचीं खोपटीं पडतात. मजुरी तोडलेल्या वजनावर, म्हणून घरांतील जितके हात अधिक तितकें बरें. मे महिन्यांत तेंदूपानांचा हंगाम येतो. पहांटे पानें तोडावयाचीं, दुपारीं सावलींत बसून ७० पानांचा एकेक पुडा बांधावयाचा, आणि संध्याकाळीं फळीवर नेऊन मोजून द्यावयाचे. पुडे बांधण्यांत लहान बोटें चपळ असतात. त्याच बोटांनीं, बांधावयाच्या दोरीचे उरलेले तुकडे घेऊन, बाहुलीचे केस होतात. मिरची तोडलेल्या हातांनीं मात्र खेळणें सोपें नसतें. हात डोळ्यांस लागला कीं आग होते, आणि खेळण्यापूर्वीं हात राखेनें घासून धुवावे लागतात.

नाटकांचा हंगाम आणि मिरचीचा हंगाम एकाच वेळीं येतो, आणि शाळेची वार्षिक परीक्षाही त्याच वेळीं येते. ही गोष्ट खेळण्यांच्या इतिहासांत कशास, असें कोणी विचारील. परंतु ज्या मुलीचें सारें घर एका बोचक्यांत मावतें, तिनें त्या बोचक्यांत काय घेतलें यावरूनच तिच्या बालपणाचा हिशेब लागतो. तवा, पातेली, वाकळ, पायली-दोन पायली तांदूळ यांत पाटीला व पुस्तकाला जागा मिळतेच असें नाहीं. बाहुलीला मिळते, कारण तिला वजन नसतें, आणि गरज पडली तर तिचीच उशी होते. शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ सालीं झाला. महाराष्ट्रांत स्थलांतरितांच्या मुलांसाठीं हंगामी वसतिगृहांची योजनाही निघाली. योजना जेथें नीट चालते तेथें मूल गांवीं राहतें आणि शाळेंत जातें. जेथें चालत नाहीं तेथें तें मिरचीच्या शेतांत जातें.

२०२० सालच्या वसंतांत महामारीमुळें देशभर संचारबंदी झाली आणि मिरचीच्या शेतांतील हे मजूर परमुलखांत अडकले. गाड्या बंद, काम बंद, शिधा संपलेला. तेव्हां पुष्कळांनीं रानवाटेनें पायीं घर गांठण्याचें ठरविलें. गडचिरोलीस लागून असलेल्या बीजापूर जिल्ह्यांतील बारा वर्षांची एक मुलगी आपल्या गांवच्या लोकांबरोबर तेलंगणांतून अशीच निघाली. ती मिरची तोडावयास गेली होती. तीन दिवस चालून गांव जवळ आलें असतां वाटेंतच ती मरण पावली. उत्तरेच्या बाहुल्यांना वस्त्रें मिळालीं त्या कथेंत युद्धास गेलेले सर्वजण सुखरूप परत आले होते. सर्व कथांचा शेवट तसा होत नाहीं, हें इतिहास लिहिणारानें विसरूं नये.

चिंधी, माती, बी-बियाणें यांना शाळेंत मान देणारीं माणसें महाराष्ट्रांत झालीं, हें सुदैव होय. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलें आणि पुढें १९५७ सालीं तें कोसबाडच्या टेकडीवर नेलें. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी. परदेशी बनावटीचीं महागडीं शैक्षणिक साधनें आदिवासी वस्तींत कोठून आणावयाचीं, हा प्रश्न त्यांच्यापुढें होता; त्यांनीं तीं आणलींच नाहींत. शंख-शिंपले, बिया, पानें, काटक्या, माती आणि जुनें कापड यांतूनच त्यांनीं साधनें केलीं, आणि मुलें शाळेंत येत नाहींत तर शाळा मुलांकडे न्यावयाची, या विचारानें अंगणांत व कुरणांत वर्ग भरविले. अलीकडच्या काळांत अरविंद गुप्ता यांनीं आगकाड्या, सायकलच्या नळ्या व टाकाऊ कागद यांतून विज्ञानाचीं खेळणीं केलीं. पुण्याच्या आयुकांत राहून त्यांनीं तीं देशभर पोंचविलीं, आणि २०१८ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. या थोर मंडळींच्या कार्याचें महत्त्व यांत आहे कीं, गरिबाच्या मुलांना जें आधींच येत होतें त्याला त्यांनीं विद्या म्हटलें.

आतां प्लास्टिकची बाहुली आठवडी बाजारांत थोडक्या पैशांत मिळते. तिचा फ्रॉक चिकटवलेला असतो. तो काढतां येत नाहीं आणि दुसरा घालतां येत नाहीं. ती मुलीला आवडते, यांत तिचा दोष नाहीं. नवें व चकचकीत कोणास आवडत नाहीं? तरीही मिरचीच्या शेतांत जी बाहुली तीन महिने टिकते, ती अजून चिंधीचीच असते, कारण तिचा हात तुटला तर तो तेथेंच पुन्हां बांधतां येतो.

ती करावयास शिकविणाऱ्या आज्या मात्र दरवर्षीं कमी होत आहेत. कोणत्या गांवीं डोकें भुशाचें करीत, कोठें राखेचें. कोणत्या घरांत बाहुलीला नांव ठेवीत, कोठें ठेवीत नसत. हें कोणी विचारून लिहून ठेवलें नाहीं तर तें त्यांच्याबरोबरच जाईल. हें काम शहरांतील सुशिक्षित घरांस अवघड नाहीं. घरांत कामाला येणाऱ्या बाईला, इमारतीच्या कामावर आलेल्या कुटुंबाला, गांवाहून आलेल्या आजीला एकदां विचारावें, आणि ती बाहुली करीत असतां पाहत बसावें. झालेली बाहुली कांचेच्या पेटींत ठेवावयाची तर तिच्याजवळ एका चिठ्ठीवर दोन ओळी लिहाव्या: करणारीचें गांव कोणतें, आणि तिचें लुगडें आधीं कोणाच्या अंगावर होतें.